दुधाच्या पिशवीपलीकडचा पाश्चर

पाश्चर म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे दुधाची पिशवी. मेसमधला चहा कितीही पाणीदार असला तरी त्यातलं दूध 'पाश्चराइज्ड' असतं! दुसरी म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस. शाळेच्या पुस्तकातला पाश्चर इथेच संपतो.

मला तिसरा पाश्चर भेटला तो सेमिनारच्या निमित्तानं. विषय मिळाला होता, यीस्टच्या चयापचयातून नैसर्गिक सुगंधी द्रव्यं कशी तयार करतात. म्हणजे केळ्याचा, गुलाबाचा, पीचचा वास झाडाकडून न घेता टाकीतल्या यीस्टकडून काढून घ्यायचा. लायब्ररीत पेपर चाळत मागे मागे गेलो, तर बऱ्याच वाटा एकाच माणसाच्या दारात जाऊन थांबायला लागल्या. गंमत अशी, की या माणसाला अत्तराशी किंवा इसेन्सशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला एक वेगळाच प्रश्न पडला होता. जिवंत वस्तूनं बनवलेला रेणू आणि प्रयोगशाळेत बनवलेला रेणू यांत काही फरक असतो का? सेमिनारच्या स्लाइडा इथे छापून तुमचा अंत पाहण्यापेक्षा मी त्या माणसाचीच गोष्ट सांगतो.

चामड्याचा वास आणि पहिली होमसिकनेस

लुई पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा. गाव फ्रान्सच्या ज्युरा भागातलं दोल. वडील आधी नेपोलियनच्या सैन्यात होते, नंतर चामडं कमावण्याचा धंदा करायचे. पुढे कुटुंब आर्बुआ या गावी आलं. मागे नदी, अंगणात कातडी भिजवायचे हौद, आजूबाजूला द्राक्षांचे मळे. पोरगा अभ्यासात बेताचाच, पण चित्रं छान काढायचा. घरच्यांची आणि शेजाऱ्यांची त्यानं काढलेली पेस्टल चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत.

१८३८ मध्ये, सोळा वर्षंही पूर्ण झालेली नसताना, त्याला शिकायला पॅरिसला धाडलं. तिथल्या वसतिगृहात तो टिकला काही आठवडे. घरच्या आठवणीनं इतका हैराण झाला की शेवटी वडील येऊन त्याला परत घेऊन गेले. आठवण तरी कशाची, तर अंगणातल्या चामड्याच्या वासाची! टॅनरीचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत आहे की त्या भागातून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. त्याला मात्र तोच वास मिळाला तर बरं वाटेल असं वाटायचं. पहिल्या सेमिस्टरला दर शनिवारी एसटी पकडून घरी पळणाऱ्या माझ्या मित्रांनो, तुम्ही एकटे नाही.

पुढे बझान्सोंला राहून शिकला. १८४२ मध्ये विज्ञानाची पदवी घेतली, तेव्हा केमिस्ट्रीत शेरा मिळाला साधारण असा. हो, केमिस्ट्रीतच! त्याच वर्षी एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेच्या प्रवेश परीक्षेत पास झाला, पण नंबर खाली लागला. प्रवेश मिळत असूनही त्यानं तो घेतला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्रॉप घेतला, वर्षभर अभ्यास केला आणि १८४३ मध्ये वरच्या नंबरनं आत गेला.

डाव्या-उजव्या चपला

पाश्चरचं पहिलं मोठं काम १८४८ सालचं, वय २५. वाइनच्या पिंपाच्या तळाशी आणि भिंतींना जो कठीण थर बसतो त्यापासून टार्टारिक आम्ल मिळतं. या आम्लाच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. पण काही वेळा त्याच उद्योगात अगदी त्याच रासायनिक सूत्राचं दुसरं एक आम्ल मिळायचं आणि ते प्रकाश अजिबात वळवायचं नाही. सूत्र एक, गुणधर्म वेगळे, हे कसं?

पाश्चरनं या दुसऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक वाढवले आणि मायक्रोस्कोपखाली नीट पाहिले. त्यात दोन प्रकार निघाले. काहींचा एक छोटा पैलू उजवीकडे, काहींचा डावीकडे. एका जोडातल्या डाव्या-उजव्या चपलांसारखे. दिसायला सारखे, पण एकमेकांच्या जागी न बसणारे. त्यानं चिमट्यानं एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले आणि वेगवेगळे विरघळवले. एक द्रावण प्रकाश उजवीकडे वळवतं, दुसरं डावीकडे! दोन्ही समप्रमाणात एकत्र आले की एकमेकांना खोडून टाकतात, म्हणून मूळ आम्ल ढिम्म. बिओ नावाच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बुजुर्ग शास्त्रज्ञाला हे पटेना. त्यानं पाश्चरला आपल्यासमोर, आपल्याच रसायनांनी सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. म्हणजे एक्स्टर्नलची ओरलच! पाश्चर त्यात पास झाला.

यात नशिबाचाही वाटा होता. हे स्फटिक साधारण २७ अंश सेल्सिअसच्या खालीच असे वेगवेगळे होतात. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात पंख्याखाली हा प्रयोग केला असता तर काहीच दिसलं नसतं.

इथून त्याच्या मनात एक कल्पना पक्की बसली. प्रयोगशाळेत साध्या पदार्थांपासून बनवलेल्या रेणूत डावे-उजवे निम्मे-निम्मे येतात. सजीव मात्र बहुतेक वेळा एकाच हाताचा रेणू बनवतो. म्हणजे एखादं द्रव्य प्रकाश वळवत असेल तर त्याच्यामागे कुठेतरी जीव असला पाहिजे. एखादा पोलीस बोटांचे ठसे शोधतो तसा पाश्चर पुढची अनेक वर्षं हा ठसा शोधत फिरला.

१८४९ मध्ये तो स्ट्रासबुर्गला प्राध्यापक असताना तिथल्या रेक्टरच्या मुलीशी, मारी लॉराँशी, त्याचं लग्न झालं. संध्याकाळी तो बोलायचा आणि ती लिहून घ्यायची, हा क्रम आयुष्यभर चालला. त्याच्या कितीतरी लेखांची सुवाच्य प्रत तिच्या हातची आहे.

फ्यूजेल तेल

आता जरा थांबून एका वासाबद्दल सांगतो. आमची इंडस्ट्रियल व्हिजिट एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली होती. उसाची मळी यीस्टनं आंबवतात, तो वॉश कॉलममध्ये उकळतात, वरून स्पिरिट निघतं हे आपण शिकतोच. पण कॉलमच्या मधल्या काही ट्रेवरून एक प्रवाह बाजूला काढून डिकँटरमध्ये नेतात, आणि तिथे पाण्यावर एक तेलकट थर तरंगतो. त्याला फ्यूजेल तेल म्हणतात. फ्यूजेल हा जर्मन शब्द, अर्थ हलकी दारू. वास असा की नाकात शिरतो आणि डोकं धरतो. आम्ही सगळे चार पावलं मागे सरकलो.

या तेलात मुख्य असतं अमाइल अल्कोहोल, पाच कार्बनचं. पाश्चरनं १८५५ मध्ये नेमकं हेच हातात घेतलं. त्यानं दाखवून दिलं की हे एक द्रव्य नसून दोन आहेत. त्यांचे बेरियम क्षार बनवले तर पाण्यात विरघळण्यात फरक पडतो, आणि त्या फरकाच्या जोरावर दोघांना वेगळं करता येतं. कष्टाचं काम, पुन्हा पुन्हा स्फटिक करत बसायचं. शेवटी एक अल्कोहोल प्रकाश न वळवणारं निघालं आणि दुसरं प्रकाश वळवणारं.

झालं! ठसा सापडला. आंबण्याच्या पिंपातून निघालेलं द्रव्य प्रकाश वळवतंय, म्हणजे आंबणं ही नुसती रासायनिक मोडतोड असूच शकत नाही. त्या पिंपात काहीतरी जिवंत काम करतंय. दुधाची पिशवी, लस, सगळं पुढचं. स्फटिकांचा अभ्यास करणारा हा रसायनशास्त्रज्ञ यीस्टकडे वळला त्यात या वासट तेलाचा मोठा हात होता.

लीलचा डीन

१८५४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पाश्चर उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात नव्या विज्ञान विद्याशाखेचा डीन झाला. हे गाव कारखान्यांचं. बीटपासून साखर आणि बीटपासूनच अल्कोहोल. डीनसाहेब पोरांना घेऊन कारखाने दाखवायला जायचे, अगदी बेल्जियमपर्यंत. इंडस्ट्रियल व्हिजिटची परंपरा आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे.

१८५६ च्या उन्हाळ्यात बिगो नावाचे एक कारखानदार त्याच्याकडे आले. त्यांचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी. बीटचा रस आंबवायला ठेवला की काही टाक्यांत अल्कोहोलऐवजी आंबट काहीतरी व्हायचं आणि माल वाया जायचा. पाश्चर टाक्यांतले नमुने घेऊन मायक्रोस्कोपला बसला. चांगल्या टाकीत गोलसर, फुगीर पेशी म्हणजे यीस्ट. बिघडलेल्या टाकीत त्याहून कितीतरी बारीक, काड्यांसारखं काहीतरी. ऑगस्ट १८५७ मध्ये त्यानं लीलमध्ये दुधाच्या आम्लाच्या किण्वनावर निबंध वाचला. म्हणणं सरळ होतं. प्रत्येक आंबण्याचा आपापला जीव असतो. यीस्ट असेल तर अल्कोहोल, दुसरा जीव असेल तर लॅक्टिक आम्ल. टाकीत कोण राहतंय त्यावर टाकीतून काय निघणार ते ठरतं. आज आपण याला स्ट्रेन सिलेक्शन म्हणतो आणि त्यावर अख्खा उद्योग चालतो.

लीबिगशी टक्कर

आज हे इतकं उघड वाटतं की यात भांडण्यासारखं काय होतं असा प्रश्न पडतो. पण तेव्हा रसायनशास्त्राचा दरारा असलेला माणूस होता जर्मनीचा लीबिग. त्याच्या मते यीस्ट हा सडत जाणारा पदार्थ होता. तो सडताना हलतो आणि त्या हालचालीनं शेजारची साखर फुटते. यीस्ट जिवंत आहे असं १८३७ च्या सुमारास तिघांनी वेगवेगळं सांगितलं होतं, त्यांत श्वान हा एक. पण १८३९ मध्ये लीबिग आणि व्होलर यांनी आपल्या नियतकालिकात निनावी विनोदी लेख छापून त्यांची खिल्ली उडवली. त्यात यीस्ट म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल बाहेर टाकणारे बारके प्राणी दाखवले होते. एवढ्या मोठ्या माणसांनी हसल्यावर बाकीचे गप्पच बसणार.

पाश्चर गप्प बसला नाही. १८५७ मध्ये तो पॅरिसला एकोल नॉर्मालमध्ये आला तेव्हा त्याला प्रयोगशाळाच नव्हती. इमारतीच्या माळ्यावरच्या दोन खोल्या त्यानं मिळवल्या. जंतू वाढवायची उबदार जागा पुढे जिन्याखाली केली, तिथे गुडघ्यांवर रांगत जावं लागे. अशा जागेत त्यानं लीबिगला उत्तर देणारा प्रयोग रचला. शुद्ध पाण्यात साखर, थोडा अमोनियम क्षार आणि यीस्ट जाळून उरलेली राख टाकली. सडण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही. त्यात टाचणीच्या टोकाएवढं यीस्ट सोडलं. ते वाढलं आणि साखर आंबली. मेलेल्या पदार्थाच्या सडण्यानं हे होत असेल तर यीस्ट वाढलं कसं?

१८६० च्या त्याच्या मोठ्या निबंधात आणखी एक गोष्ट होती, माझ्या सेमिनारच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. पुस्तकात समीकरण असतं की साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. पाश्चरनं मोजून दाखवलं की हिशोब तेवढ्यावर मिटत नाही. शंभर भाग साखरेमागे तीन-साडेतीन भाग ग्लिसरीन निघतं, थोडं सक्सिनिक आम्ल निघतं, थोडी साखर यीस्टच्या स्वतःच्या अंगात जाते. यीस्ट काही आपल्यासाठी दारू गाळत नाही. ते जगतं, आणि त्याच्या जगण्यातून हे बाकीचे पदार्थ निघतात. सुगंधी द्रव्यं ही या बाकीच्यांतलीच. मुख्य उत्पादनामागे धावणाऱ्यांच्या नजरेतून सुटणारी, प्रमाणात अगदी चिमूटभर.

१८६१ मध्ये त्यानं पाहिलं की हवा मिळाली तर यीस्ट भराभर वाढतं, पण त्या मानानं साखर कमी फोडतं. हवा तोडली की वाढ मंदावते आणि साखर जास्त जाते. यालाच पाश्चर इफेक्ट म्हणतात. यात एक पोटनियम नंतर कळला. साखर भरपूर असेल तर बेकरीचं यीस्ट हवा असूनही अल्कोहोलच करत बसतं. म्हणून फर्मेंटरमध्ये साखर एकदम न ओतता थेंबाथेंबानं देतात. बायोकेमिकल इंजिनीअरिंगच्या पेपरला फेड-बॅचवर प्रश्न आला की त्याची मुळं इथे आहेत हे लक्षात ठेवा.

मेसचं बंड

पाश्चरची आरती ओवाळणं हा माझा हेतू नाही. संचालक म्हणून तो भलताच कडक होता. मेसमधला मटणाचा एक रस्सा पोरांनी खायला नकार दिला, तर यानं फर्मान काढलं की तोच पदार्थ दर सोमवारी होणार आणि खावा लागणार! सिगारेट ओढताना सापडेल त्याला काढून टाकीन अशी धमकी दिली, तेव्हा ८० पैकी ७३ विद्यार्थ्यांनी राजीनामे दिले असं चरित्रकार नोंदवतात. १८६७ मध्ये विद्यार्थ्यांच्या आणखी एका आंदोलनानंतर त्याला ते प्रशासकीय पद सोडावं लागलं. आपल्या रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचला असेल तर कृपया सोमवारचा मेनू बदलू नये, ही नम्र विनंती.

त्याच्या वह्यांतूनही काही गोष्टी पुढे आल्या. वह्या कुणाला दाखवू नका असं त्यानं घरच्यांना सांगून ठेवलं होतं. नातवानं त्या १९६४ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. गेराल्ड गीसन या इतिहासकारानं त्यांवरून १९९५ मध्ये दाखवलं की १८८१ च्या गाजलेल्या अँथ्रॅक्स प्रयोगात वापरलेली लस पाश्चरनं लोकांना भासवली तशी बनवलेली नव्हती. ती सहकाऱ्याच्या पद्धतीची होती. माणूस मोठा होता, आणि श्रेयाच्या बाबतीत हात आखडता घेणाराही होता. दोन्ही खरं आहे.

वाइन, आणि घरातले मृत्यू

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियननं त्याला फ्रेंच वाइन का बिघडते ते शोधायला सांगितलं. पाश्चर आपल्या आर्बुआला गेला, जुन्या मित्रांच्या तळघरांतल्या बाटल्या तपासल्या. आंबट वाइन, कडू वाइन, तार सुटणारी वाइन, प्रत्येकीत वेगळा जंतू. उपाय काढला तो ५० ते ६० अंशांपर्यंत थोडा वेळ तापवण्याचा. व्यापारी भडकले, तापवली की सुवास मेला! प्रश्न खरा होता, कारण वासाची द्रव्यं उष्णतेनं उडतात. मग तज्ज्ञ चाखणाऱ्यांची समिती बसवून तापवलेली आणि न तापवलेली वाइन शेजारी शेजारी ठेवली गेली; फरक जवळपास सापडेना. त्यानं १८६५ मध्ये पेटंट घेतलं, पण पद्धत सगळ्यांना खुली करून टाकली. पुस्तक आलं १८६६ मध्ये.

या तारखांच्या शेजारी दुसऱ्या तारखा ठेवून पाहा. १८५९ मध्ये थोरली मुलगी जान आर्बुआला टायफॉइडनं गेली. १८६५ च्या जूनमध्ये वडील गेले आणि सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामिय. १८६६ च्या मेमध्ये बारा वर्षांची सेसिल, पुन्हा टायफॉइड. पाचांतली तीन मुलं. १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. अंथरुणातूनच तो लेख सांगत राहिला आणि कोणीतरी लिहून घेत राहिलं. दारूच्या टाक्यांतल्या रोगांपासून माणसांच्या रोगांपर्यंत हा माणूस का पोचला असेल, हे या तारखा वाचल्यावर मला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही.

बीअर आणि बदला

१८७० मध्ये प्रशियाशी युद्ध झालं, फ्रान्स हरला. मुलगा सैन्यात होता. १८७१ च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या, थंडीनं गारठलेल्या फौजेत पाश्चर त्याला शोधत फिरला आणि तो सापडला. पाश्चरनं जर्मनीच्या बॉन विद्यापीठाची मानद पदवी परत केली, आणि बदला म्हणून काय हाती घेतलं, तर बीअर! जर्मनांपेक्षा चांगली बीअर फ्रान्सनं करायची. त्याच वर्षी लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत जाऊन त्यानं तिथल्या यीस्टमध्ये नको ते जंतू मायक्रोस्कोपखाली दाखवले. ब्रुअरीनं लगेच स्वतःचा मायक्रोस्कोप विकत घेतला. १८७३ मध्ये रोगजंतूंपासून मुक्त अशा यीस्टवर त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. सजीव वस्तूवरच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी ते एक. १९८० मध्ये आनंद चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जिवाणूचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा निकालपत्रात या पेटंटचा उल्लेख आला.

बीअरवरचं पुस्तक १८७६ मध्ये निघालं. पण शुद्ध यीस्ट म्हणजे जंतू नसलेलं यीस्ट, एवढ्यावरच पाश्चर थांबला होता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या हान्सेननं १८८३ मध्ये त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. यीस्टमध्येही जाती असतात, आणि एकच पेशी वेगळी काढून तिचाच वंश वाढवला तर बीअरचा वास-चव दर वेळी सारखी येते, हे त्यानं दाखवलं.

जिथे तो चुकला

१८७८ मध्ये क्लोद बर्नार हा थोर शरीरशास्त्रज्ञ वारला आणि त्याची टिपणं छापली गेली. त्यात म्हटलं होतं की जिवंत पेशीशिवायही अल्कोहोल होत असावं. पाश्चरला ते सहन झालं नाही. त्यानं आर्बुआच्या मळ्यात काचघरं उभारली आणि द्राक्षांचे घड निर्जंतुक कापसात गुंडाळले. यीस्ट पोचू न दिलेली ती द्राक्षं चिरडली तरी आंबली नाहीत. प्रयोग बिनतोड होता. पण त्यानं सिद्ध काय झालं, तर यीस्ट लागतं. यीस्ट जिवंतच लागतं, हे सिद्ध झालं नव्हतं.

मधल्या काळात, १८८५ मध्ये, जोसेफ माइस्टर या मुलाला रेबीजची लस टोचली गेली आणि पाश्चर जगभर पोचला; १८८८ मध्ये पॅरिसला त्याच्या नावाची संस्था उघडली. ती कथा सगळ्यांना पाठ आहे. २८ सप्टेंबर १८९५ ला तो गेला आणि त्या संस्थेतच त्याची समाधी आहे.

दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, जर्मनीच्या बुख्नरनं यीस्ट वाळूबरोबर घोटून रस पिळून काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबली! म्हणजे काम करतात ती यीस्टच्या आतली एन्झाइम्स. पाश्चरनंही पेशी फोडून पाहिल्या होत्या, पण त्याला यश आलं नव्हतं. लीबिग पूर्ण बरोबर नव्हता आणि पाश्चरही. ती एन्झाइम्स बनवायला मात्र अजूनही जिवंत पेशीच लागते.

अमाइल अल्कोहोलचं कोडं सुटलं ते १९०७ मध्ये. एरलिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं आधी बीटच्याच मळीतून आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल शोधलं होतं. त्यानं दाखवलं की फ्यूजेल तेलातली ही अल्कोहोलं साखर फुटून येत नाहीत. यीस्टला नायट्रोजन हवा असतो. तो काढून घेतला की अमिनो आम्लाचा जो सांगाडा उरतो त्याचं अल्कोहोल करून ते बाहेर टाकतं. ल्यूसिनपासून प्रकाश न वळवणारं आयसोअमाइल अल्कोहोल, आयसोल्यूसिनपासून प्रकाश वळवणारं. पाश्चरनं १८५५ मध्ये वेगळी केली ती हीच जोडी! साखरेतूनही यीस्ट हे सांगाडे स्वतः बनवू शकतं हे पुढे कळलं, पण शेवटच्या पायऱ्या त्याच.

केळं, गुलाब आणि एरंडेल

आणि इथे वास पालटतो. त्याच आयसोअमाइल अल्कोहोलला यीस्टमधलं एक एन्झाइम ॲसिटिल गट जोडतं आणि तयार होतं आयसोअमाइल ॲसिटेट, म्हणजे केळ्याचा वास. डिकँटरपाशी आम्हाला मागे सरकवणारं द्रव्य आणि केळ्याच्या वासाच्या गोळ्यांतलं द्रव्य यांत एका एन्झाइमचं अंतर आहे.

फिनाइलअॅलनीन हे अमिनो आम्ल दिलं तर याच एरलिखच्या वाटेनं यीस्ट २-फिनाइलइथेनॉल करतं, गुलाबाच्या वासाचा मोठा घटक. पण अट अशी की अमोनिया द्यायचा नाही. सोपा नायट्रोजन मिळाला तर यीस्ट अमिनो आम्लाकडे ढुंकून पाहत नाही. पाश्चरनं १८६० च्या प्रयोगात अमोनियम क्षार घालून यीस्ट जगवलं, आणि आज वासासाठी नेमका तोच टाळावा लागतो. दुसरी अडचण आपल्या कामाची. लिटरला तीन-चार ग्रॅम गुलाब झाला की यीस्टलाच तो सोसवत नाही, वाढ थांबते. म्हणून टाकीतच तेलाचा थर किंवा रेझिन ठेवून वास चालू किण्वनात ओढून घेतात. मास ट्रान्सफर ऑपरेशन्सचा पेपर गुलाबासाठीही लागतो.

तिसरं उदाहरण माझं आवडतं. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं एरंडेल आठवतं? जगातलं सर्वाधिक एरंडेल भारतात होतं. त्यातल्या रिसिनोलेइक आम्लाची अठरा कार्बनची साखळी यारोविया नावाच्या यीस्टला दिली की ते तिचे दोन-दोन कार्बन चार वेळा तोडतं. उरतात दहा, आणि त्यांचं कडं बनून गॅमा-डेकालॅक्टोन होतं. वास पिकलेल्या पीचचा! याच कुळातली लॅक्टोन्स पिकत्या हापूसमध्येही असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यावर काम झालं आहे.

आता मुद्दा पैशाचा. अमेरिकेत आणि युरोपात, नैसर्गिक कच्च्या मालापासून जिवाणू, यीस्ट किंवा एन्झाइमनं केलेलं सुगंधी द्रव्य 'नैसर्गिक' म्हणून विकता येतं. पेट्रोलियमपासून केलेलं तेच द्रव्य विकता येत नाही. नैसर्गिकला भाव कितीतरी पट, त्यामुळे भेसळही आली. मग ओळखायचं कसं? गॅमा-डेकालॅक्टोन फळात आणि यीस्टमध्ये बहुतांशी एकाच हाताचं असतं. साध्या रासायनिक पद्धतीनं केलं तर डावे-उजवे निम्मे-निम्मे. म्हणून नमुना अशा कॉलममधून सोडतात की जो डाव्या-उजव्याला वेगळं करतो, आणि दोन सारखे पीक दिसले की चोरी पकडली जाते. १८४८ मध्ये चिमट्यानं स्फटिक वेचणाऱ्या पोरानं जी खूण शोधली, तीच खूण आज इसेन्सच्या बाटलीची साक्ष देते. आणि ही खूण नाकालाही कळते. स्पिअरमिंट पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपेचा वास, दोन्हींत कार्व्होनच. एकात डावं, दुसऱ्यात उजवं.

पाश्चरनं सुगंधाचा धंदा शोधला असं मी म्हणणार नाही. बिघडलेली टाकी, वासट तेल, तळाशी बसलेला थर, अशा टाकाऊ वाटणाऱ्या गोष्टींपाशी तो थांबला आणि त्या का होतात हे विचारत बसला, एवढं मात्र खरं. तेव्हा पुढच्या व्हिजिटला डिकँटरजवळ गेलात की नाक धरून पळू नका. जरा उभे राहा आणि ऑपरेटर काकांना विचारा, हे तेल कुठे जातं म्हणून. उत्तरात कदाचित तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय मिळून जाईल!

— तृतीय वर्ष, केमिकल